साडेदहाची घंटा आणि निघून गेलेले शिक्षक

शिक्षक राजीनामा द्यायला येतो तेव्हा आधी पाणी मागतो. खुर्चीच्या कडेवर बसतो, ग्लास दोन्ही हातांत धरतो आणि घरच्या आजारपणाबद्दल काहीतरी बोलायला लागतो. आईची तब्येत, नवऱ्याची बदली, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मी नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. त्या नऊ वर्षांत एकट्या शिरपूर तालुक्यात जितक्या सासूबाईंचे गुडघे बदलले गेले, तितके उरलेल्या महाराष्ट्रात बदलले गेले नसतील. मला हे खरं वाटायचं असं नाही. पण खरं कारण काय, हे विचारायचंही सुचायचं नाही. मी चरफडत अर्ज घ्यायचे, दुपारपर्यंत अनुभवाचा दाखला लिहून द्यायचे आणि लिपिकाला म्हणायचे, "द्या जाहिरात."

आमची शाळा शिरपूरहून एसटीने पाऊण तासावर, सातपुड्याच्या पायथ्याला होती. पाचवी ते दहावी. निम्मी मुलं वरच्या पाड्यांवरची, पावरा आदिवासी घरांतली. निम्मी खालच्या गावांतली. संस्था शिरपूरच्या एका व्यापारी घराण्याने उभी केलेली. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, वडिलांनी शाळा काढली, आणि माझ्या वेळी अध्यक्ष होते ते धाकटे चिरंजीव, सत्तरीचे. त्यांना सगळे काकाजी म्हणत. इमारत पक्की होती, प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक चालू होते, पगार वेळेवर व्हायचे. हे मुद्दाम सांगते, कारण शिक्षक टिकत नाहीत म्हटलं की लोक पहिल्यांदा पगाराचंच विचारतात. आमचे शिक्षक पगारासाठी गेले नाहीत. गेले असते तर मला चिडायला निदान एक सोपं कारण मिळालं असतं.

एक शिक्षक गेला की शाळेत काय होतं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, एक गेला, दुसरा येईल. पण गेलेल्याचे आठवड्याचे तीस तास बाकीच्यांच्या रिकाम्या तासांत कोंबावे लागतात. रिकामा तास म्हणजे शिक्षक गप्पा मारत बसतो तो तास नव्हे, वह्या तपासायचा तास. तो गेला की वह्या घरी जातात. वह्या घरी गेल्या की घरची माणसं कुरकुरतात, आणि महिन्याभरात आणखी एक जण माझ्यासमोर येऊन बसतो. नवीन माणूस आला तर त्याला मुलांची नावं पाठ व्हायला दिवाळी उजाडते, आणि पाड्यावरच्या मुलांची बोली कानाला लागायला अख्खं वर्ष जातं. तेवढ्यात त्यालाही घर आठवायला लागतं.

यात मला सगळ्यात महागात पडली ती वर्षा बोरसे.

वर्षा जळगावची. एमएस्सी, बीएड. गणित शिकवायची. शिरपूरला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि रोज एसटीने यायची. गणिताच्या तासाला आमच्या मुलांच्या चेहऱ्यावर जी एक अवकळा यायची, ती तिने दोन वर्षांत घालवली. गुणोत्तर शिकवायला तिने फवारणीचा पंप वर्गात आणला होता. कपाशीवर कधी किती पाण्यात किती औषध घालायचं, हे त्या मुलांना तिच्यापेक्षा जास्त माहीत. तिने त्यांनाच सांगायला लावलं आणि फळ्यावर लिहीत गेली. तास संपेपर्यंत निम्म्या प्रकरणाची उदाहरणं मुलांनीच तयार केली होती. मी खिडकीतून बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी तिला त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. कौतुक केलं की माणूस शेफारतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

तिसऱ्या वर्षी, ऐन नोव्हेंबरात, दहावीचा वर्ग अर्ध्यावर असताना तिने राजीनामा दिला. कारण दिलं, सासरची अडचण. मी म्हटलं, "वर्षा, मार्चपर्यंत थांब. बोर्डाची परीक्षा आहे."

"नाही जमणार मॅडम," ती म्हणाली. पाणी तिने मागितलं नाही.

जाहिरात दिली. कुणी आलं नाही. वर्षाच्या मध्यावर चांगला गणिताचा शिक्षक मोकळा नसतो, आणि जो मोकळा असतो तो का मोकळा आहे हे पहिल्या तासाला कळतं. असे दोघे येऊन गेले. शेवटी बीजगणित मी घेतलं. माझा विषय मराठी. मी जळगावला वीस वर्षं व्याकरण आणि कविता शिकवल्या होत्या. रात्री गाइड वाचायचं आणि सकाळी फळ्यावर उतरवायचं, असं चाललं होतं. वर्गात सुनीता नावाची एक पावरा मुलगी होती, वर्षाची लाडकी. ती हात वर करायची आणि अगदी हळू म्हणायची, "मॅडम, तिकडे गेल्यावर चिन्ह बदलतं." एकाच तासात तिने मला तीनदा चिन्ह बदलायला लावलं. वर्गातलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

निकाल लागला. गणितात अकरा जण नापास झाले आणि त्यांत सुनीता होती. माझ्यासारख्या बाईला चिन्ह दाखवणारी मुलगी पाच गुणांनी गेली. फेरपरीक्षेचा अर्ज मी स्वतः भरून ठेवला होता. पण जुलैत मी पाड्यावर माणूस पाठवला, तर निरोप आला की सुनीता आईबापांबरोबर गुजरातेत कामाला गेली. अर्जावर तिची सही राहिली ती राहिलीच.

मला वर्षाचा इतका राग आला की तो सांगता येणार नाही. चार महिने थांबली असती तर काय बिघडलं असतं? जळगावला माझ्या भाचीकडे बारसं होतं, म्हणून मी वर्षाचा पत्ता तिच्या अर्जावरून उतरवून घेतला. ठरवलं, जायचं आणि चांगलं सुनवायचं. आमचे शिपाई सुकलाल आप्पा तेव्हा टेबल पुसत होते. आप्पा शाळेत माझ्यापेक्षाही जुने. त्यांना माझा बेत सांगितला, तर ते फडकं थांबवून म्हणाले, "तिले बोलीसन काय फायदा मॅडम? बस येस दहा चाळीसले, नि आपली घंटा वाजस साडेदहाले. हाई बठ्ठासले माहीत शे."

"सगळ्यांना माहीत असेल, पण त्याचा इथे काय संबंध?" मी म्हटलं.

आप्पांनी पुन्हा टेबल पुसायला घेतलं. मी इतकी मोठी बाई, मुख्याध्यापिका, मला संबंध कळला नाही.

जळगावला वर्षाचं घर एका नव्या वस्तीत होतं. दार तिनेच उघडलं. मला बघून ती दचकली, पण चहा ठेवला, सासूबाईंशी ओळख करून दिली. सासूबाई तुरुतुरु चालत आत-बाहेर करत होत्या. वर्षा आता पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सुनीताचं सांगितलं. निकाल, पाच गुण, गुजरात, सगळं. ती ऐकत राहिली. तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता माफी मागेल.

ती म्हणाली, "मॅडम, मी पहिल्या वर्षी तुम्हाला एक अर्ज दिला होता. आठवतो?"

मला आठवेना.

"सहा जणांच्या सह्या होत्या. शिरपूरहून सकाळची एकच बस आहे, ती दहा चाळीसला पोचते. प्रार्थना पंधरा मिनिटं पुढे न्या, एवढंच लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, ठेवा. आम्ही ठेवला. आणि रोज फाटकाबाहेर उभे राहिलो."

हे फाटकाचं मी सांगायला हवं. साडेदहाला घंटा झाली की फाटक बंद करायचं आणि उशिरा आलेल्यांना प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभं करायचं, हा नियम मी केला होता. मुलांसाठी केला होता. पण फाटक एकच. त्यामुळे उशिरा आलेली मुलं आणि बसने आलेले शिक्षक एकाच रांगेत बाहेर उभे राहायचे, वर शिक्षकांना लेटमार्क. महिन्यात तीन लेटमार्क झाले की एक रजा कापली जायची. मला संस्थेने गावातच दोन खोल्या दिल्या होत्या. मी दोन मिनिटांत चालत यायचे आणि माझ्या वक्तशीरपणाचा मला अभिमान होता.

"मुलं माझ्याकडे बघायची," वर्षा म्हणाली. "ज्यांना मी आत जाऊन शिस्त शिकवणार, त्यांच्याच रांगेत मी. मग भोंगऱ्याचं. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, वरच्या पाड्यांवरची सगळी घरं बाजाराला जातात, आणि आपली घटक चाचणी दरवर्षी त्याच आठवड्यात. इतिहासाच्या पावरा सरांनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. मुलं गैरहजर राहिली की उपस्थिती कमी का, म्हणून नोटीस आम्हाला. मी तीन वर्षांत दोन नोटिसा घेतल्या मॅडम."

"मग हे राजीनाम्यात का नाही लिहिलंस?"

"अर्जात लिहिलं होतं ना. ते वाचलं कुणी?" मग म्हणाली, "इथे दर शनिवारी आमचे साहेब येतात आणि विचारतात, या आठवड्यात कुठल्या मशीनने त्रास दिला, काय करायला हवं. मला पाइपातलं काही कळत नव्हतं, तरी पहिल्या शनिवारी विचारलं. मला इथे मशीनबद्दल विचारतात. तिथे मुलांबद्दल कुणी विचारलं नाही."

मी तिला परत ये म्हणायला तोंड उघडलं होतं. तिने आधीच मान हलवली. सुनवायला गेलेली मी ऐकून परत आले.

सोमवारी शाळेत आल्याबरोबर टेबलाचा खालचा खण उघडला. मी फार नीटनेटकी आहे. सगळे अर्ज तिथे होते, सालवार, दोऱ्याने बांधलेले. वर्षाचा अर्ज सापडला, सहा सह्यांसकट. त्याच्या कोपऱ्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'पाहिले', खाली सही. दुसरा अर्ज भोंगऱ्याचा, 'पाहिले'. तिसरा, पाचवीच्या वर्गाला पावरी बोलणारा शिक्षक द्यावा म्हणून, 'पाहिले'. सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे सोडून गेलेले. गेलेल्यांत, ज्याचा अनुभवाचा दाखला मी लिहिला नव्हता, असं एकही नाव सापडेना. मला वाटत होतं, संस्था ऐकत नाही. संस्थेपर्यंत काही पोचलंच नव्हतं. माझ्या खणातून पुढे कागद गेला नव्हता.

का गेला नव्हता, याचं उत्तर लाजिरवाणं आहे. प्रार्थनेची वेळ काकाजींच्या वडिलांनी ठरवली होती. तिला हात लावायचा म्हणजे थेट घराण्याला हात लावणं, असं मला वाटायचं. आणि दुसरं, शिक्षकांच्या तक्रारी घेऊन वर गेलं की वरचे म्हणणार, बाईंना माणसं सांभाळता येत नाहीत. म्हणून मी सांभाळली. दोऱ्याने बांधून सांभाळली.

अर्ज पिशवीत घालून मी शिरपूरला काकाजींच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यावर गेले. मोसम नव्हता, आवारात शांतता होती. काकाजी पांढऱ्या गादीवर बसून पेपर वाचत होते. मी घाबरत घाबरत प्रार्थनेचं सांगितलं. वडिलांनी ठरवलेली वेळ आहे, माफ करा, पण पंधरा मिनिटं, असं काहीतरी.

काकाजींनी चष्मा काढला. "बाई, वडिलांच्या वेळी एसटी सव्वादहाला यायची. मास्तर लोकांना पाणीबिणी प्यायला पंधरा मिनिटं मिळावीत म्हणून त्यांनी साडेदहा ठेवली. बस बदलली, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

मी पिशवीतून अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवले.

"दुकानातून रोजचं गिऱ्हाईक तुटलं तर मी त्याच्या घरी जाऊन विचारतो, क्या हुआ भाई," ते म्हणाले. "इथे मास्तर तुटला की आपण जाहिरात देतो. किती वर्षं झाली?"

मी सांगितलं.

"असं करा. पुढच्या बैठकीला शिक्षकांनाच आणा. तुम्ही सांगू नका. तुमच्यामार्फत आलं की मला अर्धंच कळतं."

हे शब्द मला लागले. ते खरे होते म्हणून जास्तच लागले. सहा वर्षं मी ज्या माणसाला भिऊन होते, त्याने माझा प्रश्न दोन मिनिटांत सोडवला आणि वर मला बाजूला सरकायला सांगितलं.

पण संस्था म्हणजे एकटे काकाजी नव्हेत. शाळा चालवायला एक शाळा समिती असते. तिच्यावर कागदोपत्री एक शिक्षकही असतो, सगळ्यात ज्येष्ठ असलेला. आमच्याकडचे ज्येष्ठ सर बैठकीला येत नसत. बैठक झाल्यावर शिपाई इतिवृत्ताचं पुस्तक त्यांच्याकडे न्यायचा आणि पेन्सिलीने खूण केलेल्या जागी ते सही करायचे. सचिव होते निवृत्त सरकारी अधिकारी. ते म्हणाले, "शिक्षक आहेच की समितीवर. आणखी बसवले तर उद्या डोक्यावर बसतील."

काकाजी म्हणाले, "बसू द्या. सध्या तर पळून जातात."

ठरलं ते असं: शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकून आपल्यातले दोघे निवडायचे, ते समितीत बसणार आणि बोलणार. शिक्षकांच्या सभेतून आलेल्या प्रत्येक प्रश्नाला पुढच्या बैठकीत उत्तर द्यायचं. हो तर हो, नाही तर नाही, पण नाहीचं कारण लेखी. 'पाहिले' चालणार नाही, हे कलम मीच सुचवलं.

चिठ्ठ्यांत एक नाव आलं दिलीप पावरांचं. हे इतिहासाचे सर, वरच्याच एका पाड्यातले. सात वर्षं आमच्याकडे होते आणि त्यांचा आवाज मी 'उपस्थित' म्हणण्यापलीकडे फारसा ऐकला नव्हता. पहिल्या बैठकीत ते उभे राहिले. सचिव म्हणाले, बसून बोला. ते बसले आणि भोंगऱ्याचा विषय काढला.

सचिव म्हणाले, "सण आहे म्हणून परीक्षा पुढे ढकलायची? मग शाळा कशाला चालवायची?"

पावरा सर म्हणाले, "साहेब, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण चाचणी ठेवतो का?"

"तेव्हा सुट्टी असते."

"कारण तो तुमचा सण आहे. भोंगऱ्या आमचा आहे." आवाज चढला नव्हता. "तुम्ही चाचणी ठेवता. माझ्या पाड्यातली मुलं बाजाराला जातात, माझी स्वतःची मुलंही जातात. ती गेली म्हणून तुम्ही मला नोटीस देता. मी ती घरी नेतो आणि बायकोला सांगतो, हे शाळेचं पत्र आहे. आत काय आहे ते सांगत नाही."

काकाजींनी माझ्याकडे बघितलं. ती नोटीस माझ्या सहीची होती. चाचणी एक आठवडा अलीकडे घेण्याचा ठराव झाला, आणि प्रार्थना पावणेअकराला. दोन्हींना मिळून पंचवीस मिनिटं लागली असतील. ज्या गोष्टीसाठी मी माणसामागून माणूस घालवला, तिला पंचवीस मिनिटं.

आता कुणाला वाटेल, यानंतर सगळं सुरळीत झालं. अजिबात नाही. माणसांना बोलायला दिलं की ती बोलतात, आणि किती बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं. शिक्षकांच्या पहिल्या चार सभा मी दात आवळून काढल्या. एक अख्खी सभा शिक्षक खोलीतला पंखा कुणाच्या डोक्यावर असावा यावर गेली. चित्रकलेचे सर दर वेळी सुरुवातीपासून सुरुवात करायचे. एका सभेत ठराव, पुढच्या सभेत त्याच ठरावावर पुन्हा चर्चा. मी एकटी असते तर ते निर्णय मधल्या सुट्टीत घेऊन मोकळी झाले असते. मी तसं बोलूनही दाखवलं.

खरा खटका उडाला रविवारच्या तासांवरून. सुनीता माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी ठरवलं, दहावीचे गणिताचे जादा तास दर रविवारी घ्यायचे, सगळ्या शिक्षकांनी आळीपाळीने यायचं. सभेत मांडलं, म्हणजे कळवलं. पावरा सरांनी हात वर केला.

"मॅडम, रविवारी पाड्यावरची मुलं बकऱ्या घेऊन रानात असतात. येतील ती खालच्या गावातली. म्हणजे ज्यांचं अडलेलं नाही तीच येतील."

"मग त्यांच्या घरी सांगा की बकऱ्या दुसऱ्या कुणाला द्या."

"कुणाला द्यायच्या?"

माघार घ्यायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, मतं घ्या. मतं घेतली. मी सोडून एकच हात माझ्या बाजूने वर झाला, तो आमच्या पर्यवेक्षकांचा, म्हणजे माझ्या हाताखालच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यांचा. माझा प्रस्ताव पडला. मी इतकी भडकले की दोन दिवस शिक्षक खोलीत पाऊल टाकलं नाही. मी यांना तोंड उघडू दिलं आणि ते माझ्यावरच उघडलं, असं मी घरी बहिणीला फोनवर म्हटलं. ती म्हणाली, "मग कुणावर उघडायला हवं होतं?"

शिक्षकांनी आपला पर्याय आणला. रोज पहिला तास दहावीला गणिताचा, आणि त्या तासाला वर्गात दोन शिक्षक: एक फळ्यापाशी, दुसरा मागच्या बाकांवर, पावरी बोलणारा. त्यासाठी आपले रिकामे तास कुणी द्यायचे, हे त्यांनी आपसांत ठरवून वेळापत्रकच माझ्यापुढे ठेवलं. जे तास मी कोंबले असते तर चार राजीनामे आले असते, तेच त्यांनी स्वतः दिले. मी सही केली. पुढच्या वर्षी गणितात तिघे नापास झाले. रविवारचे तास घेतले असते तर तेही झाले नसते, असं मला अजून वाटतं. ते मी सिद्ध करू शकत नाही आणि आता कुणी विचारतही नाही.

माणसं टिकली का? बरीचशी टिकली. वर्षाच्या जागी आलेले गणिताचे सर मी निवृत्त होईपर्यंत होते, अजूनही आहेत. एक बाई सरकारी शाळेत नेमणूक झाली म्हणून गेल्या, आणि जाताना मला तेच कारण सांगितलं. खरं कारण सांगून जाणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच पेढा दिला. वर्षाला मी पत्र लिहिलं, प्रार्थनेची वेळ बदलल्याचं कळवलं. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं: वाचून बरं वाटलं, सुनीताचा काही पत्ता लागला का? नव्हता लागला. आजही नाही.

माझ्या निवृत्तीच्या आधी नव्या मुख्याध्यापकासाठी मुलाखती ठरल्या. माझ्या मनात पर्यवेक्षक होते. कडक, वक्तशीर, कागद चोख. बैठकीत काकाजी म्हणाले की मुलाखत घेणाऱ्यांत दोन शिक्षकही असतील. मी मान डोलावली. मी असणारच, हे मी धरूनच चालले होते. आदल्या दिवशी पावरा सर माझ्या खोलीत आले.

"मॅडम, शिक्षकांचं म्हणणं आहे की तुम्ही मुलाखतीला बसू नये."

"का?"

"तुम्ही असलात की उमेदवार तुमच्याकडे बघून बोलतील. शिवाय एक उमेदवार तुमचे आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे."

मी म्हटलं, "ठीक आहे." ते ठीक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्याच शाळेच्या व्हरांड्यात, पालक बसतात त्या बाकावर बसले आणि चार उमेदवार एकेक करून आत जाताना बघितले. आमचे पर्यवेक्षक, दोन बाहेरचे पुरुष, आणि धुळ्याकडून आलेल्या एक मध्यमवयीन बाई, ज्यांच्या फायलीचा बंद तुटलेला होता. त्यांनी ती फाइल छातीशी धरली होती.

दुपारी पावरा सर बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. बाईंची निवड झाली होती. मी कारण विचारलं.

"आम्ही चौघांना एकच प्रश्न विचारला. तुमच्या शाळेतून शिक्षक सोडून का गेले? दोघांनी सांगितलं, घरगुती अडचणी. आपले पर्यवेक्षक सर म्हणाले, आजकाल कुणाला कष्ट नकोत. बाई म्हणाल्या, मला माहीत नाही, मी त्यांना कधी विचारलं नाही."

"आणि एवढ्यावर तुम्ही त्यांना घेतलं?"

"हो मॅडम."

माझा संताप झाला. नऊ वर्षं वेळापत्रकं, बोर्डाच्या परीक्षा, शिक्षणाधिकाऱ्यांच्या भेटी सांभाळल्या, आणि निवड कशावर, तर एका कबुलीवर. मी म्हटलं, "सर, या बाईंना धड फाइल बांधता येत नाही. शाळा कशी सांभाळतील?"

पावरा सर उठले. तासाची घंटा व्हायची होती. "शाळा आम्ही सांभाळतो मॅडम," ते म्हणाले, "त्यांनी आम्हाला विचारत राहायचं," आणि आठवीच्या वर्गाकडे निघून गेले.

त्या उत्तराचा मला राग आला. अजूनही आठवलं की येतो. पण त्यात चूक कुठे आहे, हे मी बाकावर बसून बराच वेळ शोधलं, आणि मला ती सापडली नाही.